कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड : काढले तरी परत येतात, मुळापासून कसे घालवायचे?

टेकडीवाली | १० सप्टेंबर

नमस्कार. मी कोथरूडला राहते. आमचा राजमा चार वर्षांचा आहे, गावठी, तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. दोन महिने त्याच्या गोचिडांशी झगडतेय आणि आता अगदी रडकुंडीला आले आहे.

जुलैच्या शेवटी त्याच्या पडलेल्या कानामागे बोटाला काहीतरी टणक लागलं. केस बाजूला केले तर करड्या रंगाचा, टम्म फुगलेला गोचीड. त्याच संध्याकाळी मी आणि नवरा टॉर्च घेऊन बसलो. पायाच्या बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान, काखा, शेपटीचं मूळ असं सगळीकडून मिळून तेवीस निघाले. मग औषधी शाम्पू आणला. दर रविवारी अंघोळ घालते. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

पूर्वी रोज सकाळी वेताळ टेकडीवर जायचो. पावसाळ्यात गवतातून येतात असं सगळे म्हणाले, म्हणून महिनाभर टेकडी बंद केली आहे. तो पट्टा तोंडात धरून दारात बसतो आणि मी त्याला पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारून वर आणते. तरीही गोचीड आहेतच. काल तर हॉलच्या पडद्यामागे भिंतीवर खसखशीएवढे ठिपके वर चढताना दिसले. घरात दीड वर्षाची मुलगी आहे, दिवसभर फरशीवर खेळते.

ज्यांनी हे घरातून पूर्ण घालवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शेवग्याची_शेंग | १० सप्टेंबर

आमच्याकडे प्रत्येक गोचिडावर कापसाने रॉकेलचा थेंब लावायचो, मिनिटभरात आपोआप सुटून यायचा. टर्पेंटाइननेही होतं. करून बघा.

रानभूल | १० सप्टेंबर

टेकडीवाली, राजमाला आज संध्याकाळी नीट तपासा, पण रॉकेल नको. शेवग्याची शेंग, राग मानू नका. पुष्कळ घरांत हेच करतात, मी स्वतः लहानपणी पाहिलं आहे. पशुवैद्य म्हणून २० वर्षं काम केल्यावर सांगते की रॉकेल, टर्पेंटाइन, व्हॅसलिन, उदबत्तीचा चटका यातलं काहीही लावू नये. गोचीड डिवचला गेला की सुटण्याआधी पोटातलं आणि लाळेतलं जखमेत सोडण्याची भीती असते, आणि रोगाचे जंतू तिथेच असतात. शिवाय रॉकेलने कातडी भाजते आणि कुत्रा ती जागा चाटतो.

काढायची रीत सोपी आहे. टोकदार, बारीक चिमटा घ्या. भुवया कोरायचा पसरट चिमटा चालत नाही, त्याने पोट दाबलं जातं. केस दोन्ही बाजूंना सारून गोचीड कातडीला जिथे चिकटला आहे तिथे, अगदी कातडीला टेकवून, त्याचं तोंड पकडा. मग झटका न देता एका दाबाने सरळ वर ओढत राहा. दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, कातडी तंबूसारखी वर उचलली जाते, आणि मग तो सुटतो. आत काळा ठिपका राहिला तर सुईने उकरत बसू नका, बहुतेक वेळा तो आपोआप बाहेर पडतो. जागा जंतुनाशकाने पुसा, हात साबणाने धुवा.

काढलेला गोचीड नखाने चिरडू नका. झाकणाच्या बाटलीत थोडं स्पिरिट घ्या आणि त्यात टाका.

आणि एक. पोटावरचा फोड ओढण्याआधी टॉर्च मारून त्याला पाय आहेत का ते पाहा. नर कुत्र्यांनाही स्तनाग्रं असतात. ती गोचीड समजून ओढलेली, रक्ताळलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

भिंतीवर चढणाऱ्या ठिपक्यांबद्दल रात्री निवांत लिहिते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

सासवडची_वाट | १० सप्टेंबर

आमच्याकडे सीताफळाच्या बिया वाळवून, कुटून, खोबरेल तेलात कालवून लावतात. उवांनाही तेच. घरचं औषध आहे, रसायन नाही.

नीलमोहोर | १० सप्टेंबर

सासवडची वाट, कळकळीने सांगते, डोळ्यांपाशी ही पूड अजिबात नको. माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत असताना उवांसाठी आजीने लावली होती. केस धुताना पाणी डोळ्यांत गेलं. दोन दिवस तिला उजेड सहन होत नव्हता, बुबुळावर जखम झाली होती. माणूस निदान सांगतो तरी. कुत्रा पंजाने कान चोळणार आणि तोच पंजा डोळ्याला लावणार.

रानभूल | १० सप्टेंबर, रात्री

आता भिंतीबद्दल.

आपल्याकडच्या कुत्र्यांवर सर्वांत जास्त सापडतो तो तपकिरी गोचीड, शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. कुत्रा जिथे झोपतो त्या जागेच्या आजूबाजूलाच त्याचा संसार असतो, आणि सगळा जन्म तो घराच्या आत काढू शकतो. तुमच्या घरात तेच चाललं आहे. टेकडीवर एखादा लागत नाही असं नाही, पण महिनाभर टेकडी बंद असूनही गोचीड आहेत म्हणजे ते आता बाहेरून येत नाहीत. ते घरातच जन्मताहेत.

मादी कुत्र्यावर आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ रक्त पिऊन फुगते. तो तुम्हाला सापडलेला करडा गोळा. एरंडाची बी आठवा, अगदी तशी दिसते. एरंडाच्या झाडाचं लॅटिन नाव रिसिनस, आणि त्या शब्दाचा अर्थच गोचीड. पोट भरलं की ती गळून पडते आणि अंधारी फट शोधते. हे गोचीड वर चढतात, म्हणून फट फरशीजवळचीच असेल असं नाही. चौकट, पडद्याची दांडी, फोटोच्या मागची बाजू, छताचा कोपरा, कुठेही. तिथे ती हजारोंनी अंडी घालते, चार हजारांपर्यंतही, आणि मरते.

हवा उबदार असेल तर दोन ते पाच आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. सहा पायांची, खसखशीएवढी. ती तुम्ही पडद्यामागे पाहिलीत. पिल्लू कुत्र्यावर चढून रक्त पितं, गळून पडतं, फटीत जाऊन कात टाकतं आणि आठ पायांचं होऊन परत चढतं. पुन्हा रक्त, पुन्हा गळणं, पुन्हा कात, मग तो मोठा गोचीड. म्हणजे एकाच जन्मात तीनदा कुत्र्यावर आणि तीनदा भिंतीत. तुमचा शाम्पू त्या रविवारी अंगावर असतील तेवढेच मारतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. पाचव्या दिवशी दिसतात ते फटीतून आलेले नवे. मोठा गोचीड रक्ताशिवाय वर्षभरसुद्धा तग धरतो, त्यामुळे कुत्र्याला महिनाभर गावी पाठवून प्रश्न सुटत नाही. पुण्याची थंडीही त्यांना मारण्याइतकी कडक नसते.

उपाय म्हणजे राजमाच्या अंगात टिकून राहील असं औषध आणि घराची साफसफाई, दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करायची आणि निदान तीन-चार महिने सोडायची नाहीत.

औषधांत तीन प्रकार लोकांना माहीत असतात. चावून खायची गोळी : फ्लुरालानरची एक गोळी १२ आठवडे चालते, अफॉक्सोलानरची महिनाभर. फ्लुरालानर जेवणासोबत द्या. मानेवर टाकायचे फिप्रोनिलचे थेंब साधारण महिनाभर चालतात, पण आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको, आणि थेंब केसांवर न पडता कातडीवर पडले पाहिजेत. तिसरा गळ्यातला औषधी पट्टा. फ्लुमेथ्रिन-इमिडाक्लोप्रिडचा पट्टा आठ महिन्यांपर्यंत काम करतो, मात्र तो कातडीला लागून बसायला हवा, केसांवर लोंबता नको. दीड वर्षाचं मूल कुत्र्याच्या गळ्यात पडत असेल तर मी पट्ट्यापेक्षा गोळी निवडेन.

गोळी ठरवताना त्याचं वजन करा, अंदाजाने घेऊ नका. त्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, या गटातल्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना फिट येते. आणि गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसतील. चावल्यावरच औषध त्याच्या पोटात जातं आणि मग तो मरतो. दुसऱ्या दिवशी एखादा दिसला म्हणून गोळी फुकट गेली असं समजू नका.

वाड्यातला_उंबरठा | ११ सप्टेंबर

रानभूल, शब्दाशब्दाला अनुमोदन. आमचा सदाशिव पेठेतला जुना वाडा, मातीच्या भिंती, लाकडी खण. तीन वर्षांपूर्वी आमच्या गुंडीला असेच गोचीड झाले. मीही आधी फक्त कुत्रीच धूत बसलो होतो.

एके दिवशी देवघराशेजारच्या चौकटीचा खिळा निघाला म्हणून लाकूड जरा बाजूला केलं. मागे करंगळीच्या नखाएवढा काळसर तपकिरी, चकचकीत ढीग. मला वाटलं मुंग्यांनी कसले तरी दाणे साठवलेत. भिंग घेऊन पाहिलं तर एकेक दाणा मोहरीपेक्षाही बारीक, एकमेकांना चिकटलेले, आणि शेजारी सुकून चिपाड झालेली मादी. गुंडी बरोबर त्या चौकटीखाली झोपायची.

मग असं केलं. तिची गोधडी आणि पोती काढली. पोती जाळली, गोधडी उकळत्या पाण्यातून काढली आणि तिच्यासाठी जुन्या चादरी ठेवल्या. दर चार दिवसांनी गरम पाण्यात धुवायच्या, कडक उन्हात टाकायच्या. व्हॅक्यूमचं बारीक तोंड लावून प्रत्येक फट ओढून घेतली. आतली धूळ दर वेळी साबणाच्या पाण्यात ओतायची, कचऱ्याच्या डब्यात नाही, नाहीतर तिथून निघून परत चढतात. मग फटी बुजवल्या. फरशीच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट, चौकटीला पुट्टी. एका माणसाला दोन दिवस लागले, पण माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक यानेच पडला.

फवारणीही करून घेतली. फवारणाऱ्याला आधीच सांगा की गोचिडांसाठी हवी आहे, नाहीतर झुरळांसारखं फक्त ओटा आणि मोरी करून जातात. छताचे कोपरे, पडदे, दिवाणाची मागची बाजू, बाल्कनीच्या कठड्याचा सांधा, सगळं दाखवा. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा करावीच लागते. कुत्रा आणि मूल, दोघं फरशी पूर्ण वाळून पुसून होईपर्यंत बाहेर.

मुठेकाठी | ११ सप्टेंबर

फवारणीचा विषय निघालाच आहे तर माझी चूक लिहिते, म्हणजे दुसरं कुणी करणार नाही. शेतावरून गुरांच्या गोचिडांचं औषध आणलं होतं. बाटलीवर गुरांसाठीचं प्रमाण होतं. मी अंदाजाने दोन झाकणं बादलीत घातली आणि चंपीला त्या पाण्याने आंघोळ घातली. अर्ध्या तासात तिच्या तोंडातून तारा लोंबायला लागल्या, मागचे पाय थरथरायला लागले, उभं राहता येईना. दवाखान्यात नेईपर्यंत झटके सुरू झाले होते. रात्रभर सलाईन आणि औषधं चालली. वाचली. आजही बादलीचा आवाज आला की पलंगाखाली जाते.

रानभूल | ११ सप्टेंबर

मुठेकाठी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. गुरांचं औषध कुत्र्याला अंदाजाने कधीही नको. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही दुकानातून मनाने आणू नका, कोलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांना त्या जिवावर बेततात. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध तिच्या जवळपासही नको. कुत्र्याच्या मानेवरचे थेंब चाटूनही मांजर दगावू शकतं.

चिंचेचं_बोटूक | १२ सप्टेंबर

मी इथे क्वचित लिहितो. आमचा भुऱ्या मागच्या ऑक्टोबरमध्ये गोचीडतापाने गेला. आठ वर्षांचा होता. आधी खाणं थोडं कमी झालं. भाकरी हुंगायचा आणि वाडग्याशेजारी बसून राहायचा. आम्हाला वाटलं उकाडा आहे. चार-पाच दिवसांनी नाकातून रक्ताची बारीक धार आली. तेव्हा कुठे नेलं. पहिल्या ठिकाणी पोट बिघडलंय म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, रक्त तपासलंच नाही. दुसरीकडे नेलं तोवर प्लेटलेट फार खाली गेल्या होत्या.

टेकडीवाली ताई, दोन महिने गोचीड आहेत म्हणता. एकदा रक्त तपासून घ्या. त्याला काही होत नसलं तरी.

टेकडीवाली | १२ सप्टेंबर

चिंचेचं बोटूक, वाचून पोटात खड्डा पडला. राजमा परवापासून सकाळचं अर्धंच खातो आहे. मी सुद्धा उकाड्यावरच ढकलत होते. आज नेते.

रानभूल | १२ सप्टेंबर

आजच न्या. जाण्याआधी त्याचा ओठ वर करून हिरडी बघा. बोटाने दाबून सोडली की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. हिरडी मुळातच फिकट असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. रक्ताची पूर्ण तपासणी सांगा, प्लेटलेटसह, आणि काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. काचेवर जंतू दिसला नाही म्हणून रोग नाही असं नसतं, शंका असेल तर पीसीआर करावी लागते.

इतरांसाठी लिहून ठेवते. आपल्याकडे गोचीडताप म्हणतात तो एकच रोग नाही. एर्लिकियात ताप, मरगळ, प्लेटलेट कमी होणं, नाकातून रक्त. बबेसिया तांबड्या पेशीच फोडतो, त्यामुळे लघवी कॉफीसारखी गडद होते आणि हिरड्या पांढऱ्या पडतात. दोघांची औषधं वेगळी आहेत, म्हणून उरलेल्या गोळ्या एकाकडून दुसऱ्याला देऊ नका. हेपॅटोझून तर गोचीड चावल्याने होतच नाही, कुत्र्याने गोचीड खाल्ला की होतो. स्वतःच्या पंजातले गोचीड दातांनी काढून गिळणाऱ्या कुत्र्यांवर जास्त लक्ष ठेवा. एर्लिकियाचे जंतू गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच शिरू शकतात, म्हणून "रविवारी बघू" नको. रोज रात्री हात फिरवा.

टेकडीवाली | १२ सप्टेंबर, रात्री

प्लेटलेट ६४ हजार. डॉक्टर म्हणाले किमान पावणेदोन-दोन लाख हव्यात. काचेवर एर्लिकिया दिसला. हिरड्या गुलाबी आहेत, ताप १०३.४ होता. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, पोटभर खाल्ल्यावर आणि वर पाणी पाजून, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो. फ्लुरालानरची गोळीही आजच दिली. वजन १८ किलो ६०० ग्रॅम.

चिंचेचं बोटूक, तुम्ही लिहिलं नसतं तर मी आणखी आठवडा काढला असता.

शेवग्याची_शेंग | १३ सप्टेंबर

राजमा लवकर बरा होऊ दे. आणि रानभूल, रॉकेलची बाटली कुत्र्याच्या कपाटातून काढून टाकली आहे.

एक शंका. हे गोचीड माणसाला चावतात का? तो माकडताप म्हणतात तो यानेच होतो का?

खिंडीतला_वारा | १३ सप्टेंबर

माकडताप वेगळा. त्याचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा सापडला, आणि तो शोधण्यात आपल्या पुण्यातल्याच विषाणू संशोधन केंद्राचा मोठा वाटा होता. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. तो पसरवणारा मुख्य गोचीड जंगलातला, हिमाफायसॅलिस गटातला. महाराष्ट्रात सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे रुग्ण सापडले आहेत. पुण्यातल्या फ्लॅटच्या भिंतीतला तपकिरी गोचीड तो नव्हे.

रानभूल | १३ सप्टेंबर

बरोबर. तपकिरी गोचिडाला कुत्राच आवडतो, पण घरात फार झाले की माणसालाही चावतो, आणि त्याच्यातून टिक टायफस नावाचा ताप येऊ शकतो. मुलीचे कान, मान, केसांची मुळं रोज अंघोळीच्या वेळी बघा. सापडला तर त्याच रीतीने चिमट्याने काढा. त्यानंतर ताप किंवा अंगावर पुरळ आलं तर बालरोगतज्ज्ञांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. ते सांगायचंच राहून जातं.

टेकडीवाली | २ ऑक्टोबर

उशीर झाला, माफ करा. घरात युद्धच चालू होतं.

फट सापडली! वाड्यातला उंबरठा, तुम्ही लिहिलं म्हणून राजमा दुपारी जिथे पसरतो तिथून सुरुवात केली. बाल्कनीच्या दाराला खाली कडप्पा आहे, तो आणि भिंत यांच्यामध्ये नखभर फट. फ्लॅटमध्ये आल्यापासून मी ती रोज पुसते आहे. टॉर्च तिरका धरला तर आत हलत होतं. वर पडद्याच्या दांडीच्या पोकळ टोकात दोन ढीग, एक अजून चकचकीत. दांडी काढून बादलीतल्या उकळत्या पाण्यात बुडवली. फट ओढून घेतली, फवारली आणि व्हाइट सिमेंटने भरली. पहिली फवारणी १५ सप्टेंबरला झाली, दुसरी ६ ऑक्टोबरला आहे.

फ्रिजच्या दारावर कागद लावला आहे, रोज रात्री किती सापडले ते लिहितो. पहिल्या आठवड्यात ११, ९, १४, ६, ८, ५, ५, बहुतेक सुकलेले किंवा कसेबसे पाय हलवणारे. मागच्या आठवड्यात तीन दिवस शून्य, मग एकदम चार. चार बघून खचले होते, मग रानभूलचं लिहिलेलं आठवलं की हे फटीतून आलेले, चावून मरणारे.

प्लेटलेट काल १ लाख ५२ हजार. वाडगं चाटून पुसून ठेवतो आहे.

सोसायटीच्या गेटवरच्या दोन कुत्र्यांना पण गोचीड आहेत आणि राजमा त्यांच्याबरोबर पार्किंगमध्ये लोळतो. त्यांचं काय करावं?

मुठेकाठी | २ ऑक्टोबर

आमच्या सोसायटीत पाच घरांनी वर्गणी काढून तशा तिघांना गोळी देतो. वजन अंदाजे धरायचं नाही म्हणून सिक्युरिटीच्या दादांनी एकेकाला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. गोळी चिकनच्या तुकड्यात घालून, गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. कुणाला कधी दिली ते लिफ्टजवळच्या फळ्यावर लिहितो.

रानभूल | २ ऑक्टोबर

उत्तम रीत. कुत्री गाभण किंवा पिल्लांना पाजणारी असेल, किंवा पिल्लू आठ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोंहून हलकं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

टेकडीवाली, २८ दिवस पूर्ण करा. प्लेटलेट वाढल्या म्हणून मध्येच बंद करू नका.

टेकडीवाली | १४ नोव्हेंबर

डॉक्सिसायक्लिन ९ ऑक्टोबरला संपली. महिन्यानंतरच्या तपासणीत प्लेटलेट २ लाख ३० हजार. फ्रिजवरच्या कागदावर गेले सव्वीस दिवस शून्य आहे. गेटवरच्या दोघांनाही गोळी दिली, एकाचं वजन २२ किलो निघालं, मी १५ धरून चालले होते.

आज सकाळी टेकडीवर गेलो. खाणीपर्यंत. येताना राजमा गवतात पाठ घासत लोळला आणि मी त्याला लोळू दिलं. घरी आल्यावर जिन्यातच बसवून बेचक्या, कान, काखा पाहिल्या. काही नव्हतं.

पुढची गोळी ५ डिसेंबरला. कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.